वाचकांचे प्रश्न : कॉम्बी बॉयलर आणि गरम पाण्याचं प्लंबिंग

प्रश्न : जुनी गरम पाण्याची टाकी काढून कॉम्बी बॉयलर (पाणी साठवून न ठेवता नळ उघडताच गॅसवर तापवून देणारा) बसवतोय. दोन बाथरूम आहेत. दुकानदार म्हणतो ३५ किलोवॅटचा घ्या, काही बघायलाच नको. पाईप जुनेच ठेवले तर चालतील ना?

उत्तर : किलोवॅटचं नंतर बघू, आधी बादली घ्या. थेट मेन लाइनवर (टाकीत न साठता बाहेरून सरळ येणाऱ्या पाण्यावर) असलेल्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. मिनिटात भरली तर तुमचा फ्लो मिनिटाला १० लिटर, आणि बॉयलर कितीही मोठा घेतला तरी नळाला यापेक्षा जास्त पाणी येणार नाही, कारण तो पाणी फक्त तापवतो, ओढून आणत नाही. हे सकाळी सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी करा, दुपारी शांततेत केलं तर आकडा उगाच छान येतो. आणि नळ बंद असताना प्रेशर गेज ३ बार दाखवतंय म्हणून कोणी खूश करत असेल तर त्याच्यासमोरच नळ उघडा आणि काटा कुठे येऊन थांबतो ते बघा.

आता हिशोब. मिनिटाला १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ०.०७ किलोवॅट लागतात. थंडीत पाणी ५ अंशांवर आलं आणि शॉवरला ४० हवं, म्हणजे ३५ अंशांची वाढ. तेवढ्यासाठी २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो, ३५ चा १४ च्या आसपास. म्हणजे बादलीचा आकडा ९ आला तर ३५ वाला घेऊन गरम पाण्यात काडीचाही फरक पडणार नाही. आणि ८-८ लिटरचे दोन शॉवर एकदमच चालवायचे असतील तर थंडीत ३५ लाही ते झेपत नाही, मग टाकीच बरी, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पाईपचं म्हणाल तर टाकीच्या जमान्यात प्रेशर कमी म्हणून गरम पाण्याला २२ मिमीचा पाईप टाकायचे, तो तसाच ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नका. १५ मिमीच्या तांब्याच्या पाईपमध्ये मीटरला साधारण ०.१५ लिटर पाणी मावतं, २२ मध्ये दुपटीहून जास्त. बॉयलरपासून बेसिन १२ मीटर लांब असेल तर १५ मध्ये पावणेदोन लिटर गार पाणी आधी वाहून जाणार, २२ मध्ये पावणेचार. नळ मिनिटाला ४ लिटरचा धरला तर अर्ध्या मिनिटाच्या जागी मिनिटभर हात पुढे करून उभं राहायचं, आणि ते पाणीही वाया. शिवाय जुने जॉइंट टाकीच्या प्रेशरला सरावलेले असतात, मेनचं प्रेशर आलं की पाझरायला लागतात. मिक्सर शॉवर (गरम-थंड एकत्र करणारा) असेल तर त्याचं थंड पाणीही मेनवरच घ्या, थंड टाकीचं आणि गरम मेनचं अशी जोडी ठेवली तर गरम पाणी थंडाच्या लाइनमध्ये घुसतं आणि शॉवर कधीच नीट सेट होत नाही.

बॉयलरच्या थंड इनलेटला, म्हणजे थंड पाणी आत येतं तिथे, बंद करता येणारा वॉल्व्ह आणि जाळी हवीच. मेनवर नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा) असेल तर तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट उरत नाही, तेव्हा छोटं एक्स्पान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावून घेणारं भांडं) लागेल का ते बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. गॅसच्या लाइनला मात्र हात लावू नका, ते लायसन्सवाल्याचंच काम.

प्रश्न : बेसिनला हात धुताना पाणी गरम, गार, परत गरम असं येतं. शॉवरला काहीच त्रास नाही. उन्हाळ्यात तर जास्तच. बॉयलर बिघडलाय का?

उत्तर : बहुतेक नाही. बॉयलरमध्ये फ्लो सेन्सर असतो, साधारण मिनिटाला २ ते अडीच लिटर पाणी वाहिल्याशिवाय तो बर्नर पेटवतच नाही. तुम्ही नळ बारीक सोडता तेव्हा पाणी नेमकं त्या सीमेवर असतं. दुसरं म्हणजे बर्नरलाही एका हद्दीखाली बारीक होता येत नाही, समजा तुमचा ७ किलोवॅटपर्यंतच उतरतो, तर अडीच लिटरला तो ४० अंशांची वाढ देणारच, आणि उन्हाळ्यात पाणी मुळातच २० वर आलेलं असतं, म्हणजे थेट ६०. मग तो स्वतःहून बंद होतो, थोडं गार झालं की परत पेटतो. नळ जास्त सोडा, नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, आणि गरम पाण्याचं सेटिंग ६० वर ठेवून त्यात थंड मिसळत असाल तर ते ५० च्या आसपास आणा, म्हणजे गरम बाजूनेच जास्त पाणी वाहील.

प्रश्न : थंड पाणी जोरात येतं, गरम मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललंय. आमच्याकडे पाणी क्षाराचं आहे.

उत्तर : पहिल्यांदा इनलेटची जाळी काढून बघा, कित्येकदा तिथेच वाळू अडकलेली सापडते. जाळी साफ असेल तर प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (बॉयलरच्या आत नळाचं पाणी तापतं त्या भागात) क्षार धरलाय असं समजा, त्याच्या वाटा अगदी अरुंद असतात. तो केमिकलने धुता येतो, फार झालं असेल तर बदलावा लागतो. नंतर थंड लाइनवर क्षार रोखणारा फिल्टर बसवा आणि सेटिंग ६० च्या वर नेऊ नका, पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार पटापट धरतो.

प्रश्न : गरम पाणी लगेच यावं म्हणून पाईपमध्ये फिरवणारा पंप लावू का?

उत्तर : साध्या कॉम्बीला नको. कंपनीने मॅन्युअलमध्ये तशी सोय दिली असेल तरच. नाहीतर बेसिनपुरता १० मिमीचा वेगळा पाईप टाका.