पार्ल्याबद्दल विचारताय? मग छावणीपासून सुरू करू

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, शाळेतून "आपला परिसर" असा प्रोजेक्ट दिलाय. आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. पुलं आणि पार्ले-जी, एवढंच सगळे लिहिणार. अजून काय लिहिता येईल? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : ताई, भरपूर आहे हो! मी तर म्हणेन पहिलं पान 1930 च्या छावणीला द्या. 6 एप्रिलला दांडीला गांधीजींनी मीठ उचललं आणि मुंबईकडची सत्याग्रहाची मोठी छावणी उभी राहिली ती आपल्या पार्ल्यात. जमनालाल बजाज तिचे पुढारी, त्यांना तिथेच अटक झाली, सोबत किशोरलाल मश्रुवाला, स्वामी आनंद, गोकुळभाई भट्ट अशी माणसं. जुहूचा समुद्र जवळ, म्हणून ही जागा सोयीची. सत्याग्रही तिथलं पाणी आणून आटवायचे आणि कायदा मोडून मीठ करायचे.

आता हे मुलीला नुसतं वाचून दाखवू नका, करून दाखवा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दहा लिटरची घागर किनाऱ्यावरून उचलून आणायची, जाळ घालत बसायचं आणि शेवटी हाती येणार साडेतीनशे ग्रॅम, तेही ओलसर, मळकट. घरी एक लिटर मिठाचं पाणी गॅसवर ठेवा आणि किती वेळ लागतो ते तिलाच घड्याळ लावून बघू द्या. एवढ्याशा मिठासाठी लोक तुरुंगात जायला तयार होते हे तिला त्या पातेल्याच्या बुडाशी जे पांढरं उरेल ना, त्यावरून जेवढं कळेल तेवढं पुस्तकातून नाही कळणार.

आणि पुलं अजिबात वगळू नका, फक्त त्यांना या गोष्टीत बसवा. त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा, गावदेवीतला. लहानपणी जोगेश्वरीला सरस्वती बागेत, मग घर पार्ल्यात आणि शाळा पार्ले टिळक विद्यालय. म्हणजे छावणी पडली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, तुमच्या मुलीपेक्षा थोडे लहानच! शाळा निघाली 1921 ला, लोकमान्य सेवा संघ 1923 ला. टिळक गेले ऑगस्ट 1920 मध्ये, आणि तीन वर्षांच्या आत इथल्या लोकांनी त्यांच्या नावाने या दोन्ही संस्था उभ्या केल्या, त्या आजही चालू आहेत. मला पार्ल्याचं सगळ्यात कौतुक वाटतं ते याचं. संघाचं ग्रंथालय तुमच्या जवळच आहे, मुलीला एकदा घेऊन जा. येता-जाता रस्त्यांच्या पाट्याही वाचायला सांगा, मालवीय, श्रद्धानंद, नेहरू, सुभाष, त्या काळचे पुढारी सगळे तिथे भेटतात, प्रत्येक पाटीचा फोटो आणि खाली दोन ओळी, एवढ्याने अर्धी वही भरेल.

प्रश्न : बिस्किटावरून गावाचं नाव की गावावरून बिस्किटाचं? आमच्याकडे वाद झालाय.

उत्तर : गावावरून बिस्किटाचं. चौहान कुटुंबाने 1929 मध्ये इथे कारखाना काढला, आधी गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं त्यानंतर आली. पार्ल्याला गाडी थांबली की भाजक्या बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा, डोळे मिटून बसलेल्या माणसालाही स्टेशन आलेलं कळायचं. 2016 ला तिथलं उत्पादन बंद झालं. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांनी आपापल्या घरातल्या मुलांना तो सांगितलाच पाहिजे, कारण फोटोत काही वास येत नाही.

प्रश्न : सांताक्रूझच्या आधी मुंबईचं विमानतळ जुहूला होतं हे खरं का?

उत्तर : हो, अगदी खरं. जुहूचं विमानतळ 1928 चं, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, छोट्याशा पस मॉथ विमानातून इथेच उतरले. पण जमीन सखल, पावसाळ्यात सगळा चिखल, त्यामुळे त्या दिवसांत विमानं पुण्याहून चालवावी लागायची. जुहूला आजही हेलिकॉप्टरं उडतात.

प्रश्न : आजोबा "मुंबईला जाऊन येतो" म्हणायचे, राहायचे मात्र अंधेरीला. असं का?

उत्तर : कारण त्यांच्यासाठी अंधेरी मुंबईत नव्हतीच! मुंबई म्हणजे माहीम-शीवपर्यंतचं बेट, त्याच्या पलीकडे साष्टी हे वेगळं बेट, अंधेरी त्यातली. 1920 मध्ये उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला, 1950 ला महापालिकेची हद्द अंधेरीच्या पुढे सरकली आणि 1957 ला दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. आत्ताचा मुंबई उपनगर जिल्हा 1990 चा, मुख्यालय वांद्र्याला. सरकारी कागद बदलले तरी जुन्या माणसांच्या तोंडातली मुंबई चर्चगेटच्या बाजूलाच राहिली. आजोबांच्या वेळचा रेल्वे पास किंवा घरपट्टीची पावती घरात असेल तर नीट जपून ठेवा, आणि त्यावर पत्ता कसा लिहिलाय तो आम्हाला जरूर कळवा.