मनू, आनंदमेळ्यात कूपन का लागतं?

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे आजीचा कुकर शिट्ट्या देत होता, तरी प्रश्न कळले. सोसायटीच्या गणपतीत लिंबू-चमचा, संगीत खुर्ची सगळं फुकट असतं, मग शाळेच्या आनंदमेळ्यात प्रत्येक खेळाला पाच रुपयांचं कूपन का? आणि गणपतीत दरवर्षी तेच ते खेळ का? तू सांगितलं नाहीस, पण तुमच्या वर्गाला खेळाचा स्टॉल मिळालाय आणि अजून काहीच ठरत नाहीये, हे मला आजीकडून कळलं. तेव्हा त्याचंही बोलू.

गणपतीतलं फुकट नसतं गं. आधी वर्गणी गोळा होते, त्यातूनच मांडव, प्रसाद, बक्षिसाच्या वह्या-पेनं येतात. कुणी जास्त देतं, कुणी कमी, कुणाला त्या वर्षी जमत नाही. पण लिंबू-चमच्याच्या रांगेत कोणी पावती बघत नाही. वॉचमनकाकांची मुलगी आणि पाहुणा म्हणून आलेला कुणाचा तरी भाचा, दोघंही रांगेत. आपल्याकडे सणाचं हे असंच असतं. रंगपंचमीला आपल्या नाशिकमध्ये तिवंधा चौकात किंवा शनी चौकात रहाड, म्हणजे रंगीत पाण्याचा जुना हौद, उघडतात, तेव्हा त्यात उडी घ्यायला, धप्पा मारायला, कोणी तिकीट मागतं का? गर्दीत शिरायची हिंमत असली की झालं. (तुला नाही. तू अजून लहान आहेस. आईला विचारूही नकोस.)

आनंदमेळ्याचा हेतूच वेगळा. तिथे तुम्ही दुकानदार व्हायचं, सुटे पैसे द्यायचे, संध्याकाळी हिशेब जुळवायचा. समज, चार जण खेळले, २० रुपये आले. त्यातला एक जिंकला आणि तुम्ही त्याला १० रुपयांचं पेन दिलं, तर १० उरले. पण खेळ इतका सोपा ठेवलात की चारातले तीन जिंकले, तर ३० रुपयांची पेनं गेली आणि १० रुपये खिशातून घालायची वेळ आली. म्हणून मेळ्याच्या आधी वर्गातल्याच मुलांना खेळवून बघा आणि किती जण जिंकतात ते लिहून ठेवा.

आता तेच ते खेळ का? कारण गणपतीत आरती आणि जेवण यांच्यामधल्या वेळात मुलांना गुंतवायचं असतं, तेही रोज. यंदा खेळ घेणारा दादा पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला गेलेला असतो, मग दुसरा कुणीतरी उभा राहतो. लिंबू आणि चमचा प्रत्येक घरात सापडतात, नियम समजावावे लागत नाहीत. एवढंच कारण.

संगीत खुर्ची मला मात्र कधीच आवडली नाही. पहिल्याच फेरीत सगळ्यात लहान पोर बाद होतं आणि मग खेळ संपेपर्यंत आईच्या मांडीवर मुसमुसत बसतं. ज्याला खेळायची सगळ्यात जास्त हौस, त्यालाच आधी घालवायचं, हा कसला खेळ?

त्यापेक्षा भोंडल्यातली खिरापत घे. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी झाली की डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय ते ओळखायला लावायचं. ‘गोड की तिखट?’ इथून सुरुवात. मग लाडू, वड्या, शंकरपाळे, चिवडा अशी सरबत्ती. हुशार बायका आवाज येऊ नये म्हणून डबा ठासून भरतात किंवा मुद्दाम भलताच पदार्थ करतात. चार वर्षांची चिमुरडीसुद्धा कधीकधी पहिल्या झटक्यात ओळखते. आणि न ओळखणाऱ्यांनाही खिरापत मिळतेच!

तुमच्या स्टॉलसाठीही असंच काहीतरी बघ, ज्यात दहावीतला दादा आणि बालवाडीतला बाळ्या जवळजवळ सारखेच ठरतील. बादलीतलं नाणं त्यात अगदी बसतं. पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी एक स्टीलची वाटी ठेवायची आणि वरून नाणं सोडून ते वाटीत पाडायचं. बघायला अगदी सोपं. पण नाणं पाण्यात शिरलं की तिरपं होतं, एका बाजूला घसरतं, मग दुसऱ्या बाजूला, आणि वाटीच्या काठाला टणकन लागून बाहेर पडतं. त्यात पाण्यामुळे वाटी आहे त्यापेक्षा वर आल्यासारखी दिसते. नेम कितीही चांगला असला तरी नाणं ऐकत नाही. वाटी लहान घेतलीत तर कोणीच जिंकणार नाही आणि लोक पुढच्या स्टॉलवर जातील, म्हणून वरणाची मोठी वाटी घ्या. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर अर्ध्या तासात चिखल होईल.

दुसरा खेळ खास नाशिकचा करता येईल: टोपलीतल्या कांद्यांचं वजन ओळखा. दोन-अडीच किलो कांदे, एक वजनकाटा आणि नाव-अंदाज लिहायला एक वही. टोपली हातात घेऊन बघू द्यायची, पण काट्याजवळ कोणी जायचं नाही. दर तासाला सगळ्यांसमोर वजन करायचं आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याने कांदे घरी न्यायचे. पुढच्या तासाला नवे कांदे, वजनही वेगळं. आजीबरोबर पिशवी धरून बाजारात फिरणारी मुलं इथे बाजी मारतात बघ. तुमच्या सरांनाही एक अंदाज लिहायला लावा, मजा येईल.

डबे पाडायचे असतील तर पत्र्याचे रिकामे डबे घ्या, खाली तीन, वर दोन, त्यावर एक. फटाक्यासारखा आवाज आला की गर्दी आपोआप जमते. चेंडूसाठी माझ्या जुन्या मोज्यांत चिंध्या भर, म्हणजे कुणाला लागला तरी दुखणार नाही. मोजे कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. चांगले नेऊ नकोस, भोकं पडलेलेच ने.

कांदे लासलगावचेच हवेत असा हट्ट आजीकडे धरू नकोस, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचे चालतील. काटा नेण्याआधी मात्र आजीला विचार. शुक्रवारी इथे मस्कतला मला सुट्टी असते, तेव्हा व्हिडिओ कॉल कर आणि बादलीत किती नाणी सोडली, किती वाटीत पडली ते सांग. त्यावरून पेनं किती आणायची ते ठरवू.

तुझा,
बाबा