‘शिला सण’ आणि ‘दारफळणी’: बेने इस्रायलांची सणांची नावे

प्रश्न असा आला आहे: कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबांत जुनी माणसे ‘शिला सण’ म्हणत, तो यहुदी धर्मातील कोणता सण? ‘शिला’ म्हणजे दगडाशी त्याचा काही संबंध आहे का? आणि त्याच घरांतून ऐकू येणारे ‘रोजा’ व ‘उरूस’ हे शब्द यहुद्यांच्या तोंडी कसे आले?

दगडाशी संबंध नाही. हा शब्द ‘शिळा’ आहे. किनाऱ्यावरच्या अनेक बोलींत ‘ळ’चा उच्चार ‘ल’ होतो, ‘काळा’चे ‘काला’ होते, तसेच हे आहे. ‘शीतल’पासून आलेला हा ‘शिळा’ आपण आज फक्त भाताला आणि भाकरीला लावतो, त्यामुळे सणाला शिळा म्हणणे कानाला खटकते. पण ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हणताना आपण नासलेल्या गप्पा असे म्हणत नसतो, मुख्य काम उरकल्यावर हाती उरलेल्या निवांत वेळेबद्दल बोलत असतो. शिळा सण हा त्या जातीचा शब्द आहे. मोठा दिवस सरल्यावरचा, त्याची धग निवल्यावरचा दिवस. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला किंक्रांत आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणणाऱ्या भाषेला सणाच्या पाठीवरच्या दिवसाचे वेगळे नाव असण्यात नवल वाटू नये.

यहुदी पंचांगात मात्र या दिवसाला असे स्वतंत्र स्थान नाही. तो ‘योम किप्पूर’चा दुसरा दिवस, आणि योम किप्पूर म्हणजेच बेने इस्रायलांचा ‘दारफळणीचा सण’. मराठी बायबलच्या वाचकांना तो ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ म्हणून माहीत असतो. हयीम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये छापून आलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात दारफळणीचा अर्थ दार बंद करण्याचा सण असाच दिला आहे. ‘फळणी’चे नाते फळीशी असावे असा माझा तर्क आहे, कारण फळ्या लावून दुकान बंद करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्या दिवशी घरातील माणसे पांढरे कपडे घालून, काही न खाता-पिता, दार लावून घरात बसत आणि बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ देत नसत. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत ‘नेइला’ म्हणतात, तिचा अर्थही मिटणे, बंद होणे असाच आहे; परंतु ती स्वर्गाची दारे आणि ही घराची. तेव्हा मराठी नाव हे हिब्रू नावाचे भाषांतर असेल असे मला वाटत नाही. ज्यांच्याजवळ प्रार्थनेची पोथीच नव्हती, त्यांनी दिसले त्याला नाव दिले.

येथे पंचांगाकडे पाहिले तर एक गंमत लक्षात येते. यहुदी महिनेही चंद्रावर चालतात आणि अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतले जातात. योम किप्पूर हा तिश्री महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे बहुतेक वर्षी तो आश्विन शुद्ध दशमीच्या आसपास येतो. 2025 मध्ये दसरा आणि योम किप्पूर दोन्ही 2 ऑक्टोबरलाच होते. सारा गाव सोने वाटत दारोदार फिरत असताना शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’ची, म्हणजे बेने इस्रायलांची, घरे तेवढी आतून लावलेली असणार, आणि शेजाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट टिपली असणार. गाठीभेटी आणि दानधर्म दुसऱ्या दिवशी होई. तोच शिळा सण.

जुन्या थरातील बाकीची नावेही अशीच, धर्मग्रंथातील प्रसंगावरून नव्हे तर घरात त्या दिवशी काय घडते त्यावरून पडलेली आहेत. नववर्षाचा ‘रोश हशाना’ हा ‘नव्याचा सण’. हे ‘नवे’ वर्षाचे की धान्याचे, हे ठरवणे अवघड आहे, कारण कोकणात ‘नवे’ म्हटले की आधी आठवतो तो नवा तांदूळ, आणि नव्याची पौर्णिमाही त्याच दिवसांत असते. त्यामागून लगेच येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’ला नव्या धान्याच्या कण्या नारळाच्या रसात गोड शिजवून खीर होई आणि ‘शेमा’ म्हटला जाई. बराच काळ त्यांना तोंडपाठ असलेली हिब्रू प्रार्थना म्हणून हाच शेमा सांगितला जातो. एस्तेर राणीच्या कथेचा ‘पुरीम’ हा सण झाला ‘होळीचा सण’. त्यावरून होळी उचलली असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे पाहावे की पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो आणि फाल्गुन पौर्णिमा बहुधा तिथेच असते. एस्तेर राणीची कथा वेगळी आणि होलिकेची वेगळी. चंद्र मात्र एकच होता, म्हणून नाव चिकटले.

इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाचे, म्हणजे वल्हांडणाचे, नाव मला सर्वांत बोलके वाटते: ‘अनाशी ढाकाचा सण’. स्वयंपाकात आंबटपणासाठी लागणारे पाणी ज्या मातीच्या भांड्यात मुरत ठेवत, ते भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव. ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे. शास्त्र सांगते की या सणात खमीर घरात नसावे आणि बेखमीर भाकर खावी. पण भात आणि तांदळाची भाकरी हाच ज्यांचा रोजचा आहार, त्यांच्या घरात आंबवलेला पाव कुठून असणार? मग आंबण्याचा निषेध घरातल्या ज्या वस्तूवर बसू शकत होता तिच्यावर, म्हणजे या भांड्यावर, बसला. नियमाचे कलम विसरले गेले तरी त्याचा गाभा शाबूत राहिला, असे मी म्हणेन. पुढे ग्रंथ हाती आले तेव्हा बेखमीर भाकरही आली: 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादेच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीच्या, चित्रांत ती तयार करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

अव महिन्याच्या नवमीचा दिवस यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा. त्याचे नाव ‘बिरड्याचा रोजा’. रायगडच्या वाचकाला बिरडे समजावून सांगायला नको; इतरांसाठी सांगतो. वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून दाणा दाणा चिमटीत दाबून साल काढायची आणि नारळ घालून आमटीसारखे रांधायचे. उपास याच बिरड्यावर सुटे, म्हणून सणाला त्याचे नाव. बिरडे करायचे तर तयारी आदल्या दिवसापासून करावी लागते, हेही ज्याने वाल सोलले आहेत त्याला कळेल.

या नावातच दुसरा थर दिसतो, आणि प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तरही तेथेच आहे. ‘नव्याचा रोजा’ म्हणजे नववर्षाच्या सणामागून येणारा, गदल्या या यहुदी सुभेदाराच्या हत्येच्या शोकाचा उपास; एलूल महिन्यातील उपासांना तर सरळ ‘रमजान’ म्हटले जाई. निजामशाही आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या मुलखात राहणाऱ्यांच्या बोलीत हे शब्द येणे स्वाभाविकच होते, पण मला त्यात नुसता सहवास नव्हे, नेमकी निवडही दिसते. आपला ‘उपास’ साबुदाणा आणि वरीच्या तांदळावर चालतो. यहुदी उपासात पाणीही चालत नाही, आणि गदल्याचा उपास तर पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच असतो. त्याला ‘रोजा’ हाच शब्द बरोबर बसतो. मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेल्या ‘शाआर हारहामीम’ या सिनेगॉगलाही लोक मशीदच म्हणत, मग उपासाला रोजा म्हणण्यात अडचण कसली?

‘उरूस’ थोडा अधिक वाकवलेला आहे. उरूस मूळचा पिराच्या पुण्यतिथीचा, आणि एलिया संदेष्टा तर शास्त्राप्रमाणे मेलाच नाही, जिवंत स्वर्गात गेला. तरीही शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी होणारा ‘एलियाहू हन्नाबीचा’ म्हणजे याच एलिया संदेष्ट्याचा ‘उरूस’ रूढ झाला, कारण कोकणात उरूस म्हणजे सत्पुरुषाच्या जागेवरची जत्रा, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा म्हणून दाखवला जाणारा खडक आहे. पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे यांचा मलिदा तेथे आजही होतो.

तिसरा थर हिब्रू नावांचा. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवले, छापील प्रार्थना मिळाल्या, तेव्हा हनुक्का, शावुओत, सिम्हात तोरा ही नावे आपापल्या सणांसह आली. या सणांना मराठी नावे नाहीत. हनुक्का जुन्या थरात नाही म्हणून हे लोक तो सण सुरू होण्यापूर्वीच, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले असा युक्तिवाद किहीमकरांनी केला आहे. मला तो पटत नाही, कारण सण विसरलाही जाऊ शकतो. शेवटी दार लावून बसणे लक्षात राहिले तरी ‘किप्पूर’ हा शब्द राहिला नव्हताच.

कोशात नोंद करायची तर ती अशी असावी: शिळा सण, पुल्लिंगी, बेने इस्रायल समाजात रूढ, बोलीतील उच्चार ‘शिला’, दारफळणीच्या म्हणजे योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशीचा भेटीगाठींचा व दानाचा दिवस. कंसात ‘शिळे अन्न’ लिहू नये.