झोटेरो घ्या, पण मराठी पुस्तकांची नोंद स्वतःच्या हातानं करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: मराठीतून इतिहासाचा प्रबंध, एका फोल्डरमध्ये चारशे पीडीएफ, निम्मे संदर्भ मराठी, निम्मे इंग्रजी. गाइडनी एपीए ही संदर्भ द्यायची पद्धत सांगितलीय आणि संदर्भ सांभाळायला झोटेरो, मेंडले की एंडनोट यांतलं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे ठरत नाहीये.

झोटेरो. एंडनोटला पैसे पडतात आणि विद्यापीठाच्या परवान्यावर मिळालं तरी पीएचडीनंतर तो परवाना राहील याचा भरवसा नाही. मेंडले फुकट आहे, पण २०१३ पासून ते एल्सव्हिअरच्या मालकीचं आहे, आणि ज्याची आम्हाला सवय होती ते जुनं मेंडले डेस्कटॉप २०२२ च्या सप्टेंबरपासून नव्यानं उतरवून घेता येईनासं झालं. उद्या काय बंद होईल हे कंपनी ठरवणार. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून निघालं. त्यामुळे त्यात पत्र, हस्तलिखित, वर्तमानपत्रातला लेख, मुलाखत, नकाशा असे नोंदींचे प्रकार तयार आहेत. पेशवे दफ्तरातला कागद असेल तर 'अर्काइव्ह'च्या रकान्यात पुणे पुराभिलेखागार आणि त्याच्या ठिकाणाच्या रकान्यात रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक. इतिहासवाल्याला आणखी काय हवं?

इंग्रजी लेखांचं फार सांगत नाही. झोटेरोचं ब्राउझरमधलं बटण दाबा किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) टाका, नोंद होते. नाव, साल, पानं एकदा डोळ्यांखालून घाला, बस्स.

खरं काम मराठी पुस्तकांचं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, आणि इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या स्कॅनची माहिती बहुधा रोमन लिपीत, वाट्टेल त्या स्पेलिंगमध्ये असते. ती ओढून घेण्यापेक्षा शीर्षकपान उघडा आणि स्वतः टाइप करा. एका पुस्तकाला दोन-तीन मिनिटं लागतात. हे टाळून मी पहिल्या वर्षी जे साठवलं, ते सगळं तिसऱ्या वर्षी परत भरलं.

सगळ्यात जास्त छळतात ती नावं. एकाच लेखकाची नोंद एकदा 'वि. का.', एकदा 'वि.का.' आणि एकदा 'विश्वनाथ काशिनाथ' अशी झाली, की झोटेरो त्यांना वेगवेगळी माणसं समजतं आणि मजकुरात आडनावाआधी अचानक आद्याक्षरं उगवतात. लोक मग स्टाइलला, म्हणजे एपीएसारख्या संदर्भपद्धतीच्या साच्याला, दोष देतात. टिंब आणि मोकळी जागा धरून नाव सगळीकडे एकच हवं. त्यात आपली एक खास भानगड आहे: 'कऱ्हाडकर' मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन नावं. शोधलं तर एक सापडतं, दुसरं नाही. म्हणून एकदा बरोबर लिहिलेलं नाव पुढे कॉपी करत जा.

टोपणनावांना आणि संस्थांना 'एकच रकाना' हा पर्याय निवडा, नाहीतर त्यांतही नाव-आडनाव शोधलं जातं. कुसुमाग्रज हे कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर. शीर्षकपानावर जे असेल ते घ्या.

साल. पुस्तकावर शके १८५० असेल तर ७८ मिळवून १९२८. पौषातल्या किंवा त्यानंतरच्या तारखेला बहुधा ७९ मिळवावे लागतात. तारखेच्या रकान्यात इसवी सन भरा, तोही इंग्रजी अंकांत, कारण देवनागरी अंक त्याला साल म्हणून कळत नाहीत आणि क्रम बिघडतो. शके 'एक्स्ट्रा' या रकान्यात ठेवा. माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत इंग्रजी अंक तसेच राहिले, परीक्षकांनी चकार शब्द काढला नाही. पुनर्मुद्रण वापरत असाल तर 'एक्स्ट्रा'मध्येच 'ओरिजिनल डेट' हे शब्द इंग्रजीत, कोलन आणि पहिल्या आवृत्तीचं साल लिहा. एपीए मग दोन्ही सालं दाखवतं. १९२८ चं पुस्तक नुसतं २००५ चं दिसलं तर इतिहासाच्या प्रबंधात शोभत नाही.

आता ज्या गोष्टी झोटेरो करत नाही त्या. मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं असे संदर्भसूचीचे भाग वर्डमध्ये ते आपोआप पाडत नाही. मी झोटेरोत प्रत्येक भागाचं वेगळं कलेक्शन (नोंदींचा गट) केलं आणि शेवटी प्रत्येकाची सूची काढून चिकटवली. संपादकासाठीच्या 'संपा.' आणि 'एड.' चंही तसंच. स्टाइलची भाषा एकच असते, त्यामुळे दोन्ही तऱ्हेच्या पुस्तकांना एकच शब्द लागतो. तो शेवटी हातानं दुरुस्त करायचा. तळटिपांत 'तत्रैव' हवं असेल तर स्टाइल एडिटरमध्ये तो शब्द घालता येतो, पण बदललेल्या स्टाइलला नवं नाव आणि नवा आयडी द्या, नाहीतर पुढच्या अपडेटला तुमची मेहनत पुसली जाईल.

हे मात्र ठळक अक्षरांत वाचा. वर्डमधले झोटेरोचे संदर्भ जिवंत दुवे असतात. मी अर्धा प्रबंध 'सेटिंगला' एका टायपिंगवाल्याकडे दिला. त्यानं सगळा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये घेतला. परत आला तेव्हा पानं सुबक, आणि एकही दुवा शिल्लक नाही. अकरा दिवस गेले. बाहेर द्यायचंच असेल तर आधी फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' करा आणि मूळ फाइल कुणालाही देऊ नका.

झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट जागा ३०० एमबीच, पण ती फक्त पीडीएफसारख्या फाइलींसाठी. नोंदी कितीही सिंक होतात. जागा वाचवायला म्हणून झोटेरोचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका, डेटाबेस खराब होतो. झोटेरो बंद करून दर रविवारी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

आणि आज रात्री चारशे पीडीएफ एकदम आत ओढू नका. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांची माहिती त्याला सापडणार नाही, नुसत्या फाइलनावांचा ढीग होईल. सध्या लिहीत असलेल्या प्रकरणाला लागतात ती तीस-चाळीस घ्या. बाकीची लागतील तेव्हा.