पुळणीवरचा पिवळ्या पंजांचा पक्षी

प्रश्न : जुलैतल्या वादळानंतर आंजर्ल्याच्या पुळणीवर मुलांना चिमणीपेक्षा जरासा मोठा, काळपट पक्षी सापडला. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, पाय काटकुळे, बोटांमधला पडदा पिवळा, चोचीवर बारीक नळी. उभाच राहीना. सासूबाई म्हणाल्या, पाकोळी असेल. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं घेऊन गेली. हा कोण? पाय मोडला होता का? पुन्हा सापडला तर खायला काय द्यावं?

उत्तर : पिवळ्या पडद्याचं लिहिलंत, काम सोपं झालं. हा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. सासूबाईंना पाकोळी वाटली यात नवल नाही, लाटांवर हा तसाच भिरभिरतो. वजन ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून कमी. आणि घर कुठे, तर अंटार्क्टिका आणि त्या बाजूच्या बेटांवर! तिथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, मादी दगडांच्या कपारीत एकच अंडं घालते. स्कुआ नावाचे दांडगे पक्षी टपलेले असतात, म्हणून घरट्यात ये-जा रात्रीची. तिकडे हिवाळा लागला की यातले कितीतरी विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात येतात. मे महिन्यात किंवा नारळी पौर्णिमेनंतर खोल समुद्रात जाणाऱ्या खलाशांना विचारून बघा. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा बघणार कोण?

पाय बहुधा मोडलेला नव्हता. हे पाय चालण्यासाठी नाहीतच. वाऱ्यावर पंख तोलून, पाण्यावर पाय टेकवत टेकवत हा पुढे सरकतो आणि वरच्यावर तरंगणारे बारीक जीव चोचीने टिपतो. जमिनीवर मात्र धडधाकट असला तरी नडग्यांवर बसतो, फरफटतो. ती नळी म्हणजे नाकपुड्या. भर समुद्रात अन्न हुडकायचं ते वासावर. पितो खारं पाणीच. जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी बाहेर काढतात आणि ते नाकावाटे टपकतं.

खायला काहीही देऊ नका. दूध-भात तर नाहीच. आपल्याकडे दारात आलेल्या कुणालाही काहीतरी खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे हात आवरा. पाण्याच्या बादलीतही ठेवू नका. हातमोजे घालून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात कोरड्या फडक्यावर ठेवा, खोकं अंधारात राहू द्या आणि वनविभागाला कळवा. समुद्राचा जीव म्हणून परत लाटांत तर मुळीच भिरकावू नका. त्याच वाऱ्याशी झुंजून दमल्यामुळे तो किनाऱ्याला लागलेला असतो.