बंद इंजिनाचा भाव

प्रश्न : काका, नमस्कार. बाबांची १९७८ ची येझदी मोटारसायकल आमच्या वाड्यात उभी आहे. चेन तुटून इंजिनाचं केसिंग (बाहेरचं कवच) फुटलं, तेव्हापासून ती बंदच. देवळीकडच्या एका भंगारवाल्याकडे तसंच इंजिन आहे. अठरा हजार मागतो. किक मारून दाखवली, चांगली घट्ट लागली, पण इंजिन चालू करून दाखवायला तयार नाही. यवतमाळात एकाने चालू इंजिन बावीस हजारांना घेतलं. आमचा लेथवाला म्हणतो, सगळं करायचं झालं तर बोअर-पिस्टन (पिस्टन आणि तो वर-खाली होतो ती नळी) तीन हजार, क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) साडेचार, बेअरिंग-सील दोन आणि इंजिन बांधायची मजुरी तीन हजार. पोळ्याआधी गाडी चालू करायची आहे. अठरा हजार वाजवी आहेत का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : नाहीत बाबू. किक घट्ट लागली म्हणून तर मुळीच नाहीत.

१९९४ साली मीही अशाच किकेवर भुललो होतो. कापसाचे पैसे हातात होते आणि मला असंच एक इंजिन मिळालं. आर्वीला आणून गाडीला बसवलं. चाळीस किलोमीटरही गेलो नाही, तर जाम. उघडलं तर पिस्टनभोवतीच्या रिंगा पार झिजलेल्या. विकणाऱ्याने प्लगच्या भोकातून ऑइल ओतून ठेवलं होतं. ऑइलने फट भरली की झिजलेलं इंजिनही घट्ट लागतं. त्या वर्षी घरी काय काय राहून गेलं, ते मला आजही आठवतं. म्हणून तुला सांगतो, आधी प्लग काढ. तो ऑइलने चिंब असेल तर प्लग बाहेर ठेवूनच वीस-पंचवीस किका मार, ऑइल उडून जाऊ दे. मग प्लग लावून पुन्हा बघ.

पण खरा भाव हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडल्यावरच कळतो. पान्याने हेडचे नट सोडायला फार वेळ लागत नाही. बोअरच्या अगदी वरच्या कडेला, जिथे रिंग पोचत नाही, तिथे व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लाव. अडीचशे सीसी येझदीचा मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा. साडेपासष्ट भरला तर पाव-पाव मिलिमीटरने दोनदा बोअर झालेला (कातून मोठा केलेला) आहे, अजून जागा आहे. सहासष्टच्या आसपास असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकावी लागेल, तो खर्च वेगळा.

त्यानंतर क्रँक बघ. खरे पैसे तिथेच जातात. डायनॅमोकडचं झाकण काढ, एका हाताचं बोट पिस्टनवर ठेव आणि दुसऱ्या हाताने क्रँक जराशी मागे-पुढे हलव. पिस्टन हलायच्या आधी ‘टक्’ असं जाणवलं तर पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. रॉड बाजूला थोडा सरकला तर चालतं, वर-खाली अजिबात नको. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकला पेट्रोलमधल्या ऑइलचंच वंगण मिळतं. आपल्याकडचे दोन-चार पावसाळे इंजिन उघड्यावर पडलं की बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरतो. तो बाहेरून दिसत नाही.

आता हिशोब. उघडू दिलं नाही, तर आतलं सगळं गेलंय असं धरूनच चाल. चालू इंजिन बावीस हजार, लेथवाल्याचा खर्च साडेबारा. उरले साडेनऊ. चालू नसलेल्या मालाची जोखीम तुझी, म्हणून मी आठच्या वर जाणार नाही. उघडू दिलं आणि क्रँक खणखणीत निघाली, तर त्याचे साडेचार परत जोड, म्हणजे साडेबारापर्यंत जायला हरकत नाही. कार्बुरेटर आणि डायनॅमो सोबत देतो का तेही विचार. डायनॅमोचं आर्मेचर (आतली तारांची गुंडाळी) जळालेलं असलं की नवा खर्च उभा राहतो.

नंबर मात्र सगळ्यात आधी बघ. केसिंगवरचा इंजिन नंबर घासलेला असेल किंवा त्या गाडीचं आरसी तो दाखवत नसेल, तर फुकट दिलं तरी आणू नकोस. चोरीची गाडी तोडून इंजिन विकणारे मी पाहिले आहेत, आणि नंतर पोलिसांसमोर घेणाराच उभा राहतो. सगळं नीट असलं तरी इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा फेरबदल आहे. घेण्याआधीच आरटीओत विचारून घे आणि विकणाऱ्याकडून नंबरासह लेखी पावती घे.

आणि एक. बाबांचं केसिंग तू नीट पाहिलंस का? चेन तुटली की बहुधा चेनच्या पुढच्या दातेरी चक्राजवळचा केसिंगचा तुकडा उडतो. तो ॲल्युमिनियमचा असतो, आर्गन वेल्डिंगने भरता येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मी स्वतः असे भरून घेतले आहेत. चीर बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेली असेल तरच केसिंग निकामी. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ सालीच बंद पडली. पिस्टन, रिंगा, सील आजही मिळतात, पण मूळ केसिंग शोधावं लागतं. तुझं भरता आलं तर तेच साडेबारा हजार बाबांच्या इंजिनात घाल. आरसीवर नंबरही त्यांचाच राहील.

देवळीला जाण्याआधी फुटलेली बाजू रॉकेलने धुऊन उजेडात बघ. चीर कुठवर गेली आहे, त्याचा फोटो मला पाठव.