लोकसंगीत आणि कंट्री गायकांची दुर्मिळ स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की बॉब डिलन, जॉनी कॅश, हँक विल्यम्स यांची सहसा न मिळणारी स्टुडिओतली रेकॉर्डिंग्ज जमवायची आहेत, तर पैसे किती घालावेत आणि खरं-खोटं कसं ओळखावं. मी हा उद्योग सतरा-अठरा वर्षं करतोय. त्यातली नऊ वर्षं मिनियापोलिसला नोकरीत होतो, आता डोंबिवलीत आहे. संग्रह दोन लोखंडी कपाटांत मावतो, म्हणजे फार मोठा नाही. पण माती भरपूर खाल्ली आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' हा अल्बम सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला. कव्हरं छापून झाली, टेस्ट प्रेसिंगही निघालं. टेस्ट प्रेसिंग म्हणजे कारखान्यात घाऊक छपाईआधी ऐकून बघायला काढलेल्या मोजक्या तबकड्या. डिसेंबरात डिलन मिनेसोटात घरी आला, भावाशी बोलला आणि त्याचा विचार बदलला. २७ आणि ३० डिसेंबरला मिनियापोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत गावातलेच वादक घेऊन त्याने पाच गाणी पुन्हा केली. कव्हर आधीच छापलेलं, म्हणून त्या वादकांची नावं अल्बमवर आलीच नाहीत. मूळ न्यूयॉर्कची आवृत्ती राहिली ती त्या मूठभर टेस्ट प्रेसिंगांवर. संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

मला अशी एक ऑनलाइन दिसली. पांढरं कोरं लेबल, त्यावर पेनाने लिहिलेली तारीख, किंमत १८० डॉलर. खऱ्या तबकडीला हजारांत मोजावे लागतात हे मला माहीत होतं. तरी घेतली, कारण हाव. ती घेऊन मी ओळखीच्या एका जुन्या दुकानदाराकडे गेलो. त्याने लेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. तबकडी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली आणि शेवटची खाच संपते तिथपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते ती बघायला लागला. तिथे अल्बमचा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कंपनीने त्या बाजूच्या छपाईला दिलेला ओळख-क्रमांक, असायला हवा. माझ्या तबकडीवर कोणीतरी सुईने हाताने खरवडलेली दोन अक्षरं होती, बस. "चोरटी छपाई आहे," म्हणाला, "आवाज बरा असेल." आवाज खरंच बरा होता. विकणाऱ्याने मात्र नंतर एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही.

पुढे २०१८ मध्ये न्यूयॉर्कची सगळी सेशन्स, म्हणजे स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या बैठका, अधिकृत बॉक्स सेटमध्ये आली, आणि २०१९ मध्ये त्या टेस्ट प्रेसिंगची अधिकृत नक्कलही निघाली. म्हणजे मी १८० डॉलर मोजले ते नुसते धीर नसल्याचे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: गाणं नंतर, आधी त्याची कुंडली. कोणत्या दिवशी, कोणत्या स्टुडिओत, कितवा टेक (म्हणजे त्या गाण्याचा कितवा प्रयत्न), साथीला कोण, आणि त्या टेपवरून तुमच्यापर्यंत ही प्रत किती हातांतून आली. एवढं माहीत नसेल तर तुमच्याकडे दुर्मिळ रेकॉर्डिंग नाही, फक्त एक फाइल आहे.

ही कुंडली काढता येते, हीच या छंदातली खरी मजा. कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये सेशन म्हणजे तीन तासांची पाळी: सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. एका पाळीत तीन-चार गाणी उरकायची. वादकांच्या युनियनचा करारनामा प्रत्येक पाळीला भरावा लागे. त्यावर तारीख, वेळ, स्टुडिओ, गाण्यांची नावं, वादकांची नावं आणि बिदागी. आज ज्या सेशन-याद्या आपण वाचतो, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या कारकुनी कागदांत आहे. मला तर कधी कधी गाण्यापेक्षा हे कागद वाचायला जास्त आवडतात. बायकोचं यावर वेगळं मत आहे.

जुन्या काळासाठी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन ध्वनिमुद्रिकांचा डेटाबेस फुकट आहे. सराव म्हणून १९२७ सालचं ब्रिस्टल, टेनेसी उघडा. व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर २५ जुलै ते ५ ऑगस्ट तिथे यंत्रं मांडून बसला होता आणि त्याने ७६ रेकॉर्डिंग्ज केली. कंट्री संगीतातले आद्य कलाकार कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स दोघंही तिथेच पहिल्यांदा रेकॉर्ड झाले. रॉजर्सची ४ ऑगस्टची नोंद बघा. या डेटाबेसमध्ये व्हिक्टरच्या वहीप्रमाणे प्रत्येक टेकपुढे शेरा असतो: हा मास्टर (म्हणजे छपाईसाठी निवडलेला), हा राखून ठेवा, हा नष्ट करा. 'नष्ट करा' असा शेरा दिसला की मला अजूनही चुटपुट लागते.

आता प्रतीबद्दल. डिलन आणि कॅश १७ आणि १८ फेब्रुवारी १९६९ ला नॅशव्हिलच्या कोलंबिया स्टुडिओत एकत्र बसले, गिटारवर कार्ल पर्किन्स. त्यातलं एकच गाणं तेव्हा अल्बमवर आलं. बाकी सगळं वर्षानुवर्षं या कॅसेटवरून त्या कॅसेटवर असं फिरत राहिलं आणि २०१९ मध्ये अधिकृतपणे आलं. माझ्याकडे ऑफिसातल्या एकाने दिलेली सीडी होती, वर मार्करने 'नॅशव्हिल ६९' लिहिलेली. अधिकृत संच आल्यावर दोन्ही शेजारी लावून ऐकले. माझ्या प्रतीत कॅशचा आवाज चक्क पातळ होता. कुठल्यातरी पिढीत कोणाचा तरी कॅसेट डेक वेगात पळत होता, आणि मी दहा वर्षं त्यालाच 'तरुण कॅश' समजत होतो!

वेग नेहमी तपासा. गंमत म्हणजे खुद्द 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'च्या न्यूयॉर्कच्या टेप डिलनच्या सांगण्यावरून २ ते ३ टक्के वेगवान केल्या होत्या. २०१८ च्या संचात त्या मूळ वेगात आहेत. म्हणून एखादा टेक 'वेगळा' वाटला तर तो खरंच वेगळा आहे की तोच टेक वेगळ्या वेगात आहे, हे आधी ठरवा. पायाने ताल धरून उपयोग नाही. दोन्ही फाइली संगणकावर एकाखाली एक लावा, श्वास आणि खोकला जुळवा.

सुरुवात कोणापासून करायची, असं विचाराल तर माझं उत्तर अनेकांना हास्यास्पद वाटेल: अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हज. कारण त्याच्या तबकड्या इथेच मिळतात. गोव्यात किंवा वांद्र्याच्या जुन्या घरांत नाताळ आला की त्याचा आवाज ऐकू यायचाच. आमच्या बिल्डिंगमधल्या आंटींनी त्यांच्या सात तबकड्या मला दिल्या त्या 'अडगळ गेली' म्हणून. रीव्हज ३१ जुलै १९६४ ला विमान अपघातात गेला, पण त्याच्या तबकड्या पुढे कित्येक वर्षं निघतच राहिल्या. जुन्या टेपवरचा त्याचा आवाज घ्यायचा, त्याभोवती नवी साथ चढवायची आणि नवीन तबकडी म्हणून विकायची. कळस म्हणजे १९८१ मध्ये त्याचं कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनबरोबर द्वंद्वगीत आलं. ती १९६३ मध्ये गेलेली, तीही विमान अपघातातच. दोघांनी एकत्र कधीच रेकॉर्डिंग केलं नव्हतं. मूळ टेपवरून आवाज वेगळे काढून ते जोडले होते.

तर तुमच्या हातातली रीव्हजची तबकडी मूळ साथीची की मागाहून चढवलेल्या साथीची, हे ओळखायला शिका. जर्मनीची बेअर फॅमिली ही कंपनी १९७५ पासून असल्या गायकांचे संच सेशनच्या क्रमाने, मूळ टेपवरून काढते. फसलेली सुरुवात, स्टुडिओतलं बोलणंसुद्धा ठेवते. महाग असतात, पण सोबतच्या पुस्तकातली सेशन-यादी एकटीच पैसे वसूल करते. दोन-तीन मित्रांत मिळून घ्या.

कचऱ्यातून काय निघू शकतं याचं एक उदाहरण सांगतो, कारण 'सगळं आता आलेलं आहे' असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. १९५१ मध्ये हँक विल्यम्स नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर सकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा. प्रायोजक मदर्स बेस्ट नावाचं पीठ, आपल्या बिनाकासारखंच. दौऱ्यावर असला की आधीच सोळा इंची अ‍ॅसिटेट तबकड्यांवर, म्हणजे थेट आवाज कोरायच्या मऊ तबकड्यांवर, भरून ठेवायचा. पुढे रेडिओने जागा बदलली आणि त्या तबकड्या कचऱ्यात गेल्या. लेस लेव्हरेट नावाच्या तिथल्या फोटोग्राफरने त्या उचलून वाचवल्या. मग त्या नेमक्या कोणाच्या यावरून कोर्टबाजी झाली. २००६ मध्ये निकाल हँकच्या वारसांच्या बाजूने लागला आणि २००८ पासून ती रेकॉर्डिंग्ज बाजारात आली. एकोणतिसाव्या वर्षी मेलेला हा माणूस त्यात पिठाची जाहिरात करतो, साथीदारांची टर उडवतो, मधेच एखादं भजन म्हणतो. त्याच्या नेहमीच्या तबकड्यांवर हा हँक तुम्हाला भेटत नाही.

उलट काही दुर्मिळता निव्वळ वकिलांनी तयार केलेली असते. युरोपात नवा कायदा आला की प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला ७० वर्षं हक्क, पण ५० वर्षं नुसतं कपाटात पडून राहिलं तर हक्क गेला. थोडक्यात 'कसेल त्याची जमीन'. त्यामुळे २०१२ च्या अखेरीस सोनीने डिलनची १९६२ मधली अप्रकाशित रेकॉर्डिंग्ज युरोपात सुमारे १०० प्रतींत 'प्रसिद्ध' केली. हक्क वाचला, काम झालं. त्या संचाच्या मागे लागू नका. आतला आवाज ऐकण्यासारखा आहे, पण किंमत शंभर या आकड्याची आहे.

बाकी भराभर. फाइल घ्याल तर फ्लॅकमध्ये घ्या, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही. एमपीथ्रीवरून बनवलेली फ्लॅक ही साखरपाणी घातलेल्या मधासारखी, संगणकावर स्पेक्ट्रम (आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांचा आलेख) बघितला की वरचा भाग कापलेला दिसतो. अप्रकाशित रेकॉर्डिंगची देवाणघेवाण काटेकोर बघितली तर कायद्यात बसत नाही. माझ्याकडेही तशी काही आहेत, पण पैसे घेऊन एकही दिलेलं नाही, आणि अधिकृत संच आला की तो विकत घेतो. अ‍ॅसिटेट कधी हाती लागलीच तर हौसेने वाजवू नका. अ‍ॅल्युमिनियमवर लाखेसारखा मऊ थर असतो, प्रत्येक फेरीला सुई थोडा आवाज खाते. पावसाळ्यात आपल्याकडे कव्हरांना बुरशी येते. तबकड्या उभ्या ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि सिलिका जेलच्या पिशव्या जूनआधी बदला.

पैशांचं म्हणाल तर पहिलं वर्षभर महिन्याला हजार रुपयांच्या वर जाऊ नका. पाचशेची एक चांगली भिंग आणि एक जाड वही आधी घ्या. जुन्या बाजारात जिम रीव्हज शंभर-दोनशेला मिळेल. त्याच्या पट्टीवरचे नंबर वाचून वहीत उतरवा आणि कुठल्या सेशनचे ते शोधा. वीस तबकड्या अशा झाल्या की तुमचे डोळे तयार होतील. आणि मधल्या काळात एखादं पांढऱ्या लेबलाचं टेस्ट प्रेसिंग स्वस्तात दिसलंच, तर पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडे त्या पट्टीचा, उजेडात तिरका धरून काढलेला फोटो मागा. खऱ्याला फोटो द्यायला दोन मिनिटं लागतात. मी मागितला असता तर त्याने तेव्हाच उत्तर देणं बंद केलं असतं.